म्हशीची गोळी

॥ श्री ॥

खुटबाव, ता. दौंड
१८ नोव्हेंबर १९९६

सौ. सगुणावन्संना झुंबरबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

भाऊबिजेहून सुखरूप पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. इकडे सगळी खुशाल आहोत. अपेक्षाने तुमच्यासाठी करंज्यांचा डबा भरून ठेवला होता, तो घाईत इथेच राहिला. आता त्या करंज्या आम्हीच खातोय. तुमचे दादा तर प्रत्येक करंजीला तुमचं नाव घेतात आणि मगच तोंडात टाकतात.

पण हे पत्र करंज्यांसाठी नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लग्नापासून तुमचे दादा आणि दाजी एका ताटात जेवत आलेत. ह्या दोघांच्या घरात मिळून एकच ताट आहे, अशी गावात थट्टा होते. या भाऊबिजेला मात्र दाजींनी दुसरं ताट मागून घेतलं. पित्त झालंय म्हणाले आणि पुरणाच्या पोळ्या तर नेहमीइतक्याच खाल्ल्या. असलं कसलं पित्त हो? त्यांची नजर सारखी ह्यांच्या ओठाकडे आणि उजव्या हाताकडे जात होती, ती मी वाढताना पाहिली.

ह्यांच्या खालच्या ओठावर आणि पंजाच्या पाठीवर चट्टे उठतात, हे खरं आहे. आधी आग होते, मग जांभळा गोल उठतो, कधी फोड येतो. काही दिवसांनी निवतं, पण काळा डाग राहतो. श्रावणात उठलं, दसऱ्याला उठलं, दिवाळीत परत त्याच जागी. मला वाटलं उष्णता असेल. तूप लावलं, सब्जा दिला. संक्रांतीनंतर आपण सत्यजीत-अपेक्षाच्या याद्या करायच्या ठरवल्यात. मामाची पोरगी आत्याच्या घरात द्यायची, म्हणजे मला तर निर्धास्त झोप लागण्यासारखी गोष्ट. तेव्हा दाजींच्या मनात काय आहे ते मला सरळ सांगा.

थोरांना नमस्कार, सत्यजीतला आशीर्वाद. राग आला तर रागाने लिहा, पण लिहा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
झुंबर

॥ श्री ॥

शिरूर
२७ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. वहिनींस सगुणाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे डेपोत ड्यूटीवर होते, हे बरंच झालं. वहिनी, पित्त नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर माझ्या हातून हे लिहून झालं नसतं.

खुटबावकडच्या कुणा कंडक्टरने ह्यांना डेपोत विचारलं की तुमच्या मेहुण्याला महारोग झालाय म्हणतात, खरं का? ह्यांनी त्याला झापलं. पण ऐकलेलं मनातून जात नाही. भाऊबिजेला दादाचा ओठ पाहिला आणि ह्यांनी ताट वेगळं केलं. घरी आल्यावर म्हणाले, याद्या पुढं ढकला. त्या घरात तसला रोग असला, तर पोरीला घरात आनून काय करायचं? सत्यजीतने सांगून टाकलं की लग्न करीन तर अपेक्षाशी, नाहीतर असाच राहीन. हे म्हणाले, मग राहा असाच. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. सणसवाडीच्या कंपनीतून पोरगा दमून येतो, आणि दोघं जेवायला समोरासमोर बसून मला निरोप सांगतात. त्यांना सांग मीठ द्या म्हणावं, त्याला सांग रेडिओ बारीक कर. मी आपली मधल्यामध्ये टपालखातं झालेय.

माझं एक ऐका. दादाला पुण्याला कातडीच्या डॉक्टरकडे न्या. तो नाही म्हणेल. सगुणीने गळ्याची शपथ घातलीय म्हणून सांगा. माझा दादा लोकांच्या तोंडी असा यावा, हे मला सहन होत नाही. परवा मी नुसती त्याच्या हाताची आठवण काढून रडले.

तुमची माया कमी होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

सगुणा

॥ श्री ॥

खुटबाव
१६ डिसेंबर १९९६

सौ. सगुणावन्संना नमस्कार वि. वि.

तुमची शपथ कामी आली. सकाळच्या शटलने पुण्याला जाऊन आलो. अख्खी वाट हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. गावातले दोघंतिघं त्याच डब्यात होते, त्यांतलं कुणीही शेजारी येऊन बसलं नाही. एरवी हेच लोक ह्यांच्याकडून तंबाखू मागून घेतात. मला सगळं कळत होतं आणि ह्यांनाही कळत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात धीराचा. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले, चट्ट्यावरून कापूस फिरवला, मग टाचणी टोचली. ह्यांनी असा हात ओढला की बाईंचा चहा टेबलावर सांडला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तो रोग नाही. त्या रोगात चट्ट्याला काही कळत नाही, ह्यांना तर जास्तच कळतंय. आणि असं पण म्हणाल्या की तो रोग असता, तरी त्याला आता औषध आहे, माणूस पुरता बरा होतो. मला तिथेच बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पण मग हे आहे काय? बाई म्हणाल्या, दर वेळी त्याच जागी उठतंय, म्हणजे बहुतेक अंगाला न मानवणाऱ्या गोळीचं असणार. कोणती गोळी घेता? तुमचे दादा छाती पुढे काढून म्हणाले, जन्मल्यापासून गोळी खाल्ली न्हाई. मीही साक्ष दिली. ह्यांना ताप आला तर घोंगडी पांघरून पडतात, डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. म्हैस नुसती शिंकली, तर मात्र जनावरांच्या डॉक्टरला आणायला तांबडं फुटायच्या आत यवत गाठतात. माणूस दुखण्याचं सोंग करतो, म्हैस करत नाही, म्हणून जनावरांचाच डॉक्टर खरा, असं ह्यांचं म्हणणं. बाईंनी सांगितलं, पुन्हा उठेल त्या दिवशी काय काय पोटात गेलं ते आठवा आणि लगेच या.

तेव्हापासून मी ह्यांची वांगी, शेंगदाणे, सुकट सगळं बंद केलंय. तोंड पाडून जेवतात. गंगी म्हशीचं पोट बिघडलं होतं, यवतच्या डॉक्टरांनी दिलेल्या अंगठ्याएवढ्या गोळ्या गुळात घालून तिला भरवायला ह्यांना बरा वेळ मिळतो. ती आता ठणठणीत आहे.

दाजींना हे पत्र वाचून दाखवा. तो रोग नाही, ही ओळ दोनदा वाचा.

थोरामोठ्यांना नमस्कार. तुमच्या माहेरची माणसं तुमच्यावर जीव टाकून आहेत.

झुंबर

॥ श्री ॥

शिरूर
३ जानेवारी १९९७

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमची ओळ मी दोनदा नाही, चारदा वाचली. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, काय न्हाई ते कळलं, पन काय हाय ते त्या बाईला तरी ठावं हाय का? मी पत्राची घडी घालून ठेवली.

एक वाईट बातमी लपवून ठेवत नाही. इनामगावच्या एका घरातून सत्यजीतला विचारणा झालीय. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. मी देवापुढे दिवा लावला की आधी दादाचं नाव घेते. अपेक्षाला यातलं काही कळू देऊ नका. तिने पाठवलेला स्वेटर सत्यजीत रोज घालतो. शिरूरला एवढी थंडी पडत नाही, पण त्याला वाजते.

उत्तर लवकर द्या. वन्सं म्हणून हक्काने मागते.

सगुणा

॥ श्री ॥

खुटबाव
२४ जानेवारी १९९७

सौ. सगुणावन्संना नमस्कार वि. वि.

सापडलं! आधी बसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

संक्रांतीला ह्यांनी गुळाच्या पोळ्यांवर असा ताव मारला की तिसऱ्या दिवशी पोट वाहायला लागलं. सकाळी मी शेण काढायला गोठ्यात गेले, तर हे पाटी उपडी घालून पाठमोरे बसलेले. हातात अडकित्ता. मला वाटलं सुपारी कातरताहेत. पुढे जाऊन बघते तर गंगीची गोळी! अडकित्त्याने तिचा चौथा हिस्सा काढला, गुळाच्या खड्यात घातला आणि गिळून मोकळे झाले. मी विचारलं, हे काय? जराही न लाजता म्हणाले, पोटाला घेतली. गंगीला लागू पडतीया, मला का न्हाई पडायची? गंगी केवढी, मी केवढा, म्हनून पाव घेतो.

वन्सं, गेली दोन वर्षं हे चाललंय! जरा पोट बिघडलं की गोठ्यात जायचं आणि अडकित्ता काढायचा. श्रावणात सप्त्याच्या जेवणानंतर घेतली, दसऱ्याला घेतली, दिवाळीत फराळ सोसला नाही तेव्हा घेतली. माझ्या भाकरी थापून होईपर्यंत ह्यांचा ओठ चुरचुरायला लागला आणि हातावरचा डाग जांभळा झाला. पिठाच्या हातानेच मी बघत उभी राहिले. आधी हसले, मग रडले, मग जे बोलले ते नणदेला लिहिण्यासारखं नाही. वांगी बंद केली म्हणून माझ्यावर महिनाभर फुगून बसलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी पदरात बांधून पुणे गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचं वाचलं आणि कपाळाला हात लावला. ह्या गोळीत सल्फा नावाचं औषध आहे. पोटातले जंतू मारणारं, अँटिबायोटिक म्हणतात तसलं. माणसांच्या काही गोळ्यांतही तेच असतं. हजारो लोकांना काही होत नाही, पण एखाद्याच्या अंगाला ते पुढे पुढे मुळीच चालेनासं होतं आणि कातडी अशी पेटते. बाईंनी विचारलं, मग मागच्या वेळी नाही का म्हणालात? हे म्हणाले, डॉक्टरीनबाई, तुमी मला गोळी इचारली ती मानसाची. ही तर म्हशीची हाय. बाई ह्यांच्याकडे बघतच राहिल्या. खोटं बोलले असते तर त्यांना रागावता तरी आलं असतं.

मग मात्र त्यांनी दरडावून सांगितलं की यापुढे ह्या औषधाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. दर वेळी चट्टे वाढतात. कधी तोंडात, डोळ्यांत उतरेल, अंगाची साल भाजल्यासारखी निघेल, जीवही जातो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सल्फा चालत नाही म्हणून सांगायचं. ह्यांनी मान डोलावली. मी घरी येऊन गोळ्यांचा डबा अपेक्षाकडे दिला आणि अडकित्ता माझ्या ट्रंकेत टाकला.

आता दाजींना सगळं वाचून दाखवा आणि याद्यांचा दिवस धरा. पोरीने विचारायचं सोडलंय, त्याचीच मला जास्त काळजी आहे.

गंगीसकट सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.

झुंबर

॥ श्री ॥

शिरूर
१ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि सत्यजीत पोट धरून हसलो. लहानपणी दादा बैलाच्या खांद्याला लावायचं मलम स्वतःच्या गुडघ्याला लावायचा, ते आठवलं. पण ह्यांच्या चेहऱ्यावरची घडी मोडली नाही. सगळं ऐकून म्हणाले, गोष्ट चांगली रचलीय. म्हशीची गोळी खाल्ली म्हनून डेपोत सांगायला गेलो, तर लोक मलाच हसतील.

येत्या नऊ तारखेला रविवारी ह्यांनी भावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावलंय. इनामगावला काय कळवायचं ते त्या दिवशी ठरेल. वहिनी, दादाला तेव्हा इकडे पाठवा. कागदावरचं ह्यांना पटत नाही, पण दादाने समोर बसून सांगितलं, तर पटेल असं मला वाटतं. आज इतकी वर्षं एका ताटात जेवलेत, त्याचा तोंडावर तरी विसर पडायचा नाही.

चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे सकाळची गाडी आहे. मी वाट बघते.

सगुणा

॥ श्री ॥

शिरूर
९ फेब्रुवारी १९९७
(सत्यजीतच्या हाती)

ती. सौ. वहिनी,

दादा जिवंत आहे, हे आधी लिहिते. सत्यजीत जीप घेऊन आलाय, अंगावरच्या कपड्यांनिशी निघा आणि बाकीचं वाटेत वाचा. दादाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेताहेत, हे आणि मी बरोबर जातोय.

सकाळी दादा आला. चांगला धुतलेला फेटा बांधून आला होता. बैठकीत हे आणि भावकीतले दोघं बसले होते. दादाने सगळं सांगितलं. त्यांतले एक जण हसले आणि म्हणाले, पाव्हणं, पोरीसाठी बाप काय बी सांगतो. दादाने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली पाहिलं, वहिनी. ह्यांनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता.

दादाने मला अडकित्ता मागितला. मला वाटलं पान खायचंय. मी नेऊन दिला. त्याने खिशातून ती गोळी काढली, फोडली, आणि आम्हाला कळायच्या आत गिळली. म्हणाला, आता हितंच बसा समदी. ज्या जागी डाग हाय त्या जागी उठंल, गोळीनंच उठंल. डोळ्यांनी बघा आन् मग काय ते ठरवा. मी ओरडले, हातातला तांब्या टाकून धावले, बोटं घालून ओकायला लावायचा प्रयत्न केला. त्याने माझे हात धरून मला खाली बसवलं. त्याच्या हाताला किती जोर आहे, तुम्हाला माहीत आहे.

जेवणवेळ व्हायच्या आत ओठ पेटला. मग हात. सगळे बघत होते. भावकीतले दोघं उठून चपला शोधायला लागले. पण या वेळी ते तेवढ्यावर थांबलं नाही. मानेवर उठलं, पाठीवर उठलं, तोंडात फोड आले, थुंकी गिळता येईना. ह्यांनीच त्याला उचलून रिक्षात घातलं आणि इथल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. रिक्षात हे त्याला एकसारखं म्हणत होते, पाव्हणं, पटलं मला, पटलं. आता उपयोग काय?

गोळी कुठली ते डॉक्टर विचारतील. उरलेली पट्टी घेऊन या.

तुमची सगुणा

॥ श्री ॥

पुणे, दवाखान्यातून
२४ फेब्रुवारी १९९७

सौ. सगुणावन्संना नमस्कार वि. वि.

तुमचे दादा आता धोक्याबाहेर आहेत, असं डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या. पाठीची आणि मांडीची कातडी सोलून निघाली होती, तिथे नवी येतेय. डोळे उघडले. तोंडातल्या फोडांमुळे गार पेज तेवढी जाते. अपेक्षा चमच्याने भरवते. तुम्ही घरचं बघायला परत गेलात ते योग्यच केलंत, इथे गर्दी करून उपयोग नाही. गोळी ह्यांनी शिरूरला निघायच्या आदल्या रात्रीच डब्यातून काढून घेतली होती, अपेक्षाला कळूही दिलं नाही. मी त्यांच्यावर इतकी चिडलेय की बरे होईपर्यंत चिडायचं राखून ठेवलंय.

दाजी रोज येतात. ड्यूटी संपली की मिळेल त्या गाडीने येऊन व्हरांड्यात बाकावर बसतात. मी त्यांच्याशी बोलत नाही. ते बोलायला आले की मी पाणी आणायला जाते. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं तेच लिहिते.

तुमच्यावर माझा राग नाही. पण एक प्रश्न आहे, तो दाजींना वाचून दाखवा. ह्यांनी जीव पणाला लावून दाखवलं की तो रोग नाही. ठीक. समजा, तो रोग असता, तर? तर हे त्यांचे मेहुणे राहिले नसते? तुमचे दादा राहिले नसते? त्या रोगालाही औषध आहे, हे मी डिसेंबरातच कळवलं होतं, ते दाजींनी ऐकलं होतं. मग ताट कशाने वेगळं झालं? उद्या माझ्या पोरीच्या अंगावर काही उठलं, तर तुमच्या घरात तिचंही ताट वेगळं मांडणार का?

याचं उत्तर मिळेपर्यंत याद्या नाहीत. इतके दिवस नको म्हणायची पाळी त्यांची होती, आता माझी आहे.

तुमच्याबद्दलची माया आहे तिथेच आहे.

झुंबर

॥ श्री ॥

शिरूर
३ मार्च १९९७

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना जेवायच्या आधी वाचून दाखवलं. जेवले नाहीत. अंगणात जाऊन बसले. सत्यजीत इतक्या दिवसांनी त्यांच्याजवळ जाऊन बसला. इनामगावला हे स्वतः जाऊन नाही म्हणून सांगून आले.

तुमच्या प्रश्नाचं ह्यांचं उत्तर मी कसं देणार? माझं देते. अपेक्षाच्या अंगावर काहीही उठलं, तरी तिचं ताट माझ्या ताटाला लागून असेल. मी दादाला बोलावून घेतलं, अडकित्ता मीच नेऊन दिला, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण आपल्या दोघींत हे येऊ देऊ नका. तुम्ही माझ्या वहिनी नसतात, तर माझं माहेर कधीच मोडलं असतं.

दादाला सांगा, सगुणीने त्याच्यासाठी लोणी कढवून ठेवलंय.

सगुणा

॥ श्री ॥

खुटबाव
२९ मार्च १९९७

सौ. सगुणावन्संना नमस्कार वि. वि.

ह्यांना घरी आणलं. अंगावर नकाशा काढल्यासारखे डाग आहेत, पण म्हशींनी ओळखलं. गंगी तर एवढी हंबरली की शेजारचे बघायला आले. जे लोक शटलमध्ये लांब बसत होते, ते आता म्हशीच्या गोळीची गोष्ट ऐकायला येऊन बसतात. ह्यांनाही सांगायला आवडतं. मी मध्येच रागाने उठून जाते, तरी थांबत नाहीत. तिखट मात्र तोंडाला अजून सोसत नाही.

लग्नाचं अपेक्षाने मिटवलं. मला म्हणाली, आई, तू त्या घराला विचारतीयास, पण मी त्या घरात जाणार सत्यजीतकडं आन् आत्याकडं. मामंजींचं काय ते मी तिथं राहून बघीन. पोरगी माझ्याहून शहाणी निघाली, म्हणून मी हो म्हणते. मे महिन्यात मुहूर्त काढा. दाजींनी अजून उत्तर दिलेलं नाही आणि मी मागायचं सोडलेलं नाही, एवढं त्यांच्या कानावर घाला.

मांडवात नणंद म्हणून रुसायचं की विहीण म्हणून, ते आधीच कळवा, म्हणजे साड्यांचं बघता येईल.

झुंबर

॥ श्री ॥

शिरूर
८ जुलै १९९७
(अपेक्षाच्या हाती)

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आखाडासाठी अपेक्षाला न्यायला दादा काल आला. आज दोघं निघताहेत, तेवढ्यात हे पत्र लिहून तिच्या पिशवीत घालते. दादा तुम्हाला म्हशीच्या गोळीची गोष्ट पुन्हा सांगेल, पण ही सांगणार नाही, म्हणून लिहिते. लग्नात व्याहीभेटीला दोघांनी मिठ्या मारल्या आणि जेवायला मात्र वेगवेगळ्या पंक्तीत बसले, ते तुम्ही पाहिलंच होतं.

काल व्याही पहिल्यांदा मुक्कामाला म्हणून ह्यांनी मटण आणलं. रस्सा ह्यांना लागतो तसा जाळ केला होता. जरा मिळमिळीत झालं तर हे ताट सरकवून देतात, तुम्हाला माहीत आहे. अपेक्षा दोन ताटं वाढायला लागली, तर हे म्हणाले, एकच वाढ. दादाने हात जोडले. म्हणाला, दाजी, माझ्या तोंडाला रस्सा सोसत न्हाई अजून. मला दहीभात, तुमचं तुमी खावा. ह्यांनी रश्श्याचं पातेलं आत न्यायला सांगितलं आणि एकाच ताटात दहीभात कालवून घेतला. दादाच्या ओठावरची नवी कातडी घासाला चिरली, जरासं रक्त आलं. दादा हात आवरता घेऊन मागे सरकला. ह्यांनी ताट त्याच्याकडे ढकललं आणि त्याच्याच बाजूचा घास घेतला. मी दारात उभी होते. रडू आवरायला मला पदर तोंडात धरावा लागला.

जेवण होत आल्यावर हे अपेक्षाला म्हणाले, तुझ्या आईनं इचारलं व्हतं, तो रोग आसता तर? तिला सांग, तवा मी ताट बाजूलाच घेतलं आसतं. खोटं कशाला बोलू? आता न्हाई घेनार, कसला बी रोग आसंना. एवढंच उत्तर हाय म्हनावं.

दादा एवढंच म्हणाला की भात गार होतोय. दोघांनी ताट पुसून खाल्लं. सत्यजीतने आणि आम्ही दोघींनी मागून रस्सा खाल्ला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पोचवलं. आता दाजींशी बोलायचं की अजून पाणी आणायला जायचं, ते तुम्ही ठरवा. अपेक्षाला आखाडभर ठेवून घ्या, पण श्रावण लागला की लगेच पाठवा, मला आता तिच्याशिवाय करमत नाही. वहिनी म्हणून नमस्कार आणि विहीण म्हणून रामराम, दोन्ही तुमच्या पदरात घालते.

तुमची,
सगुणा